निरोप मागितल्याशिवाय

नाईसोरो, फिजी
६ जून १९९०

ती. आपेनिसादादास,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. ठीक कुणीच नाही. लेबनॉनमध्ये शांतिसेनेतला आपला एक जवान गोळी लागून जखमी झाला, असं रेडिओवर सांगितलं. पलीकडच्या गावचा सेमेसाच तो. तेव्हापासून आई रेडिओजवळून हलत नाही.

काल तिने पेटीतून देवमाशाचा दात काढला, तिच्या लग्नात आलेला. खोबरेल लावून पुसला. पुढच्या महिन्यात गावाच्या बैठकीत तो सरदारांपुढे ठेवून मागणं मागणार आहे, की सरकारला सांगा आणि आमची पोरं परत आणा. दात एकदा हातात घेतला की सरदारांना नाही म्हणता येत नाही, हे तुला काय सांगायचं? सगळं गाव तिच्या बाजूने आहे. वाकाकाका म्हणतात, भांडणं त्यांची, मग हाडं आपली कशाला?

मी एकटीच वेगळं बोलले. परक्याच्या दारात कुणी उभंच राहिलं नाही, तर उद्या आपल्या दारात कोण येईल, असं विचारलं. आईने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, तुझी पदवी भिंतीवर टांगलीय ती तिथेच राहू दे. तिकडे उन्हात उभा आहे तो माझा आपे. दादा, तुम्ही तिथे नक्की करता काय? बैठकीआधी लिही, आणि खरं लिही.

तुझ्या वाटचा कसावा मीच संपवते आहे. जाडी झाले तर दोष तुझा. लोभ आहेच, त्याला पत्राचं खतपाणी घाल.

तुझी,
मेरेओनी

चौकी, दक्षिण लेबनॉन
२१ जून १९९०

चि. मेरेओनीस,
अ. उ. आ.

तुझ्यासारखं मला मांडता येत नाही. घडलं ते लिहितो.

आम्ही इथे आलो तेव्हा आमचे सार्जंट म्हणाले, मान दिल्याशिवाय दुसऱ्याच्या गावात राहायचं नसतं. म्हणून आपण बैठकीत कालवून पितो ते यंगोनाचं मूळ घेऊन आम्ही गावच्या म्हाताऱ्या मुखियाकडे गेलो, मांडी घालून बसलो, मूळ पुढे ठेवलं. अबू नसीफ त्यांचं नाव. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. बायकोला वाटलं, परदेशी औषध असेल. तिने ते उकळून सगळ्या घराला पाजलं. जिभा बधिर झाल्या, आणि एरवी भांडणाऱ्या दोघी सुना संध्याकाळभर गप्प बसल्या. तेव्हापासून म्हातारा मला रोज विचारतो, अजून आहे का रे ते?

चौकीसमोर त्याचं शेत आहे. समोरच्या टेकडीवर बंदूकवाले बसतात, म्हणून ते कित्येक वर्षं पडीक होतं. मूळ घेतल्यावर त्याने तिथे तंबाखू लावली. आता पहाटे बायका पानं तोडतात आणि आम्ही निळ्या टोप्या घालून बांधावर उभे राहतो. आम्ही लढत नाही, फक्त दिसतो. आम्ही दिसतो तोवर टेकडीवरून सहसा गोळी येत नाही. सेमेसाला लागली ती त्याच बांधावर. मी शेजारी उभा होतो. हे आईला सांगू नकोस.

मला भीती वाटते. परत बोलावलं तर धावत येईन. हे मात्र आईला सांग, अबू नसीफला नको.

माया राहू दे, आणि थोडा कसावाही.

तुझा,
आपेनिसादादा

नाईसोरो
९ जुलै १९९०

ती. दादा,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बैठकीच्या दिवशीच आलं. मी जगाच्या शांततेवर भाषण लिहून नेलं होतं. चार वाक्यं झाली, तोच वाकाकाका म्हणाले, पोरी, रेडिओ घरी पण आहे. लोक हसले. मग मी भाषण खाली ठेवून तुझं पत्र वाचलं. तू सांगू नकोस म्हणाला होतास, तेही वाचलं. खरं लिही म्हणून मीच मागितलं होतं, मग अर्धंच कसं वाचणार?

सुनांच्या गोष्टीला बायका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. वाचत वाचत सेमेसाच्या बांधाशी आले तेव्हा कुणीच हललं नाही. आई दात मांडीवर घेऊन बसली होती. तिने एवढंच विचारलं, की त्या म्हाताऱ्याकडे पोरांनी निघायचा निरोप मागितलाय का? मी नाही म्हटलं. ती म्हणाली, ज्याच्यापुढे मूळ ठेवलं त्याला न विचारता माझा मुलगा उठून आला, तर मी कुणाला तोंड दाखवू?

सरदार म्हणाले, निरोप द्यायचा तो त्या म्हाताऱ्याने, मग हे मागणं माझ्यापुढचं नाहीच. आता ते सरकारला लिहिणार आहेत, की पोरांना अर्ध्यात आणू नका, नाईसोरो त्यांच्या पाठीशी आहे. तो दात आईने तिकडे येणाऱ्या बदलीच्या पहिल्या तुकडीबरोबर अबू नसीफसाठी पाठवला आहे. मागणं एकच, माझ्या मुलाला सांभाळा. घरी येईपर्यंत ती वाटभर रडत होती. मीही. दादा, मी जिंकले असं मला अजिबात वाटत नाही.

रागावलास तरी चालेल, पण कळव.

तुझी,
मेरेओनी

चौकी
१९ ऑगस्ट १९९०

चि. मेरेओनीस,
अ. उ. आ.

इतके दिवस पत्र नाही म्हणून आईने रेडिओचे कान पिळले असतील. मी धडधाकट आहे, हे आधी तिला सांग आणि मग पुढचं वाच.

दात पोचला. दुभाष्याने आईचं मागणं समजावलं. अबू नसीफने हात धुतले, मग दात घेतला. मूळ अजून आहे का, हे त्या दिवशी विचारलं नाही.

त्यानंतर तोफा सुरू झाल्या. सगळं गाव आमच्या खंदकात शिरलं. मी तोंडाशी पहाऱ्यावर होतो. म्हातारा आत जाईना. दात मांडीवर घेऊन माझ्याशेजारीच बसला. मी ओरडलो, हाताला धरून ओढलं, सार्जंटांनी दम दिला. तो दुभाष्याला म्हणाला, याच्या आईने हा मला सांभाळायला दिलाय, आता हा बाहेर आणि मी आत कसा बसू? तोफा थांबेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो. कोण कुणाची राखण करत होतं, ते तूच ठरव. शिकलेली तू आहेस.

अर्धी तंबाखू जळाली. अर्धी उभी आहे. उद्या पहाटे तोडणी.

आमची बदली जवळ आली आहे, पण मी अजून निरोप मागितलेला नाही. आईला सांग, शेवटचं पान तोडून झालं की मागेन.

तोवर तुमची माया आम्हा दोघांना पुरेल एवढी असू दे.

तुझा,
आपेनिसादादा