खाल्लं नाही, संपवलं

४ मार्च, सोमवार

शी! त्या वजनकाट्यावर माझ्याआधी कितीजण अनवाणी उभे राहिले असतील देव जाणे. गार आणि चिकट. मी चढले तर नर्सने आकडा असा मोठ्याने वाचला की बाकावरचे सगळे माझ्याकडे वळले. तो आकडा इथे लिहीत नाही. लिहिला तर पान फाडावंसं वाटेल.

डॉक्टर म्हणाले, किडनी जुळते आहे. सख्ख्या बहिणीची सख्ख्या बहिणीला, याहून चांगलं काय? माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मग चष्मा काढून म्हणाले, "पण बाई, एवढं वजन आणि साखर अशी काठावर असताना मी तुमच्या पोटाला सुरी लावणार नाही. दहा किलो उतरवा. साखर खाली आणा. आणि फार रेंगाळू नका, तुमच्या बहिणीच्या हाताच्या शिरा दमल्यात. डायलिसिस वर्षानुवर्षं ओढता येईल अशी तिची तब्येत नाही."

म्हणजे देवाने किडनी दिली जुळणारी, आणि आडवं आलं माझंच पोट.

धाकटी बाहेर बसली होती. मी येताच म्हणाली, "नाही म्हणाले ना?" किती घाबरली असेल बिचारी! म्हटलं, नाही कशाला म्हणतील, मी आहे ना.

संध्याकाळी देवापुढे बसून शब्द दिला. ऑपरेशन होईपर्यंत गोडाचा कण तोंडात घालणार नाही. कणसुद्धा!

८ मार्च, शुक्रवार

बिनसाखरेचा चहा. भांडी विसळलेल्या पाण्यासारखा. प्यायले.

१३ मार्च, बुधवार

लिहायला हात धजत नाही, पण खर्च लिहायचा तर सगळा लिहायचा, तसंच हे.

यांच्या ऑफिसात कुणीतरी निवृत्त झालं. उरलेला केक हे डब्यात घालून घेऊन आले. कडेचं क्रीम वाळून पिवळं पडलेलं, वर कुणाच्या तरी बोटाचा ठसा. यांनी दोन घास खाल्ले, "फारच गोड आहे बुवा," म्हणाले आणि डबा माझ्याकडे सरकवला. उद्यापर्यंत नासला असता. टाकणार कसा? अन्न आहे ते. आमच्या घरात भाताचं शीत वाया गेलेलं मला चालत नाही.

ओट्याशी उभी राहून संपवला. मग बोटाने डबा पुसला. कोपऱ्यात क्रीमचा एक गोळा अडकला होता, तो नखाने काढला. नखाने! दिवा लावायला देवापुढे गेले आणि हात जोडले तर बोटं एकमेकांना चिकटली. तशीच उभी राहिले. अशी किळस आली स्वतःची की पाठ फिरवून न्हाणीघरात गेले आणि कोपरापर्यंत हात घासले.

१४ मार्च, गुरुवार

शिक्षा म्हणून दिवसभर पाण्यावर राहिले. संध्याकाळी जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मटकन बसले. यांनी धरून वर आणलं. तोंड चालूच, "तू अशी पडलीस तर तुझी बहीण किडनी घेणार कुणाची? माझी?"

"तुमची कोण घेतंय? नुसती तंबाखू भरलेली!"

हसले. मला नाही हसू आलं. रात्री भात जरा जास्तच गेला.

२० मार्च, बुधवार

इस्पितळात आहार समजावून सांगायला एक मुलगी बसते. इतकी बारीक, की मी मनात तिचं नाव काडी ठेवलंय. काकू काकू करते, समोर रबराची खोटी फळं मांडलेली. म्हणाली, "काकू, काल काय काय खाल्लंत?"

सगळं सांगितलं. दोन वेळचं जेवण, चहा.

"गोड?"

"छे! शब्द दिलाय मी देवाला."

"घरात उरलंसुरलं कोण संपवतं?"

"मीच. दुसरं कोण संपवणार?"

"म्हणजे उरलेला केक, बिस्किटांचा चुरा, जॅमच्या बाटलीच्या तळाला राहिलेलं?"

"हो, पण ते खाल्लं नाही हो. संपवलं."

काडी एवढी हसली की तिचं रबराचं सफरचंद गडगडत खाली गेलं. "काकू, पोटाला दोन दारं नसतात. खाल्लेलं आणि संपवलेलं एकाच दाराने जातं."

मला राग आला, पण परतताना सगळी वाट तेच घोळत होतं. मी मॅट्रिक झालेली बाई. दुधाच्या थेंबाचा हिशोब ठेवते. आणि इतकी वर्षं तोंडात घातलेला निम्मा माल मी मोजलाच नाही, कारण उभ्याने, ओट्याशी, इतरांचं उरलेलं खाल्लं ते माझ्या लेखी जेवण नव्हतंच. ती काटकसर होती! शी.

पुढे काडीने जे सांगितलं ते तर ऐकवेना. म्हणे गोड सोडायचं नाही! रोज जेवणानंतर दोन बोटांएवढा तुकडा खायचा. ताटलीत घेऊन, खुर्चीवर बसून, सावकाश. "सगळंच बंद केलंत की मन एक दिवस दार फोडून बाहेर येतं. मग तुम्ही डबा चाटता."

तिला डब्याचं कुणी सांगितलं?

मला ही 'थोडंसं'ची भाषाच घाणेरडी वाटते. उपास असेल तर उपास, जेवण असेल तर जेवण. देवाशी केलेल्या बोलीत दोन बोटं सूट मागायची? चोराला ओसरीवर बसवून म्हणायचं, बाबा रे, रोज एकच भांडं ने?

२७ मार्च, बुधवार

आज धाकटीसोबत मी गेले. नेहमी मेहुणे जातात. ती पलंगावर, शेजारी यंत्र, नळीतून तिचं लाल रक्त जातंय आणि येतंय. तिला दिवसाचं पाणी मोजून. औषधाच्या पेल्याएवढं एकेक ओतून घेते, तोंडात घोळवते, लगेच गिळत नाही. घसा कोरडा पडला की बर्फाचा खडा ओठांवरून फिरवते.

तिने उशीजवळून डबा काढला. लिंबाचा केक, वर साखरेचा जाड थर. "खा गं ताई. माझ्या तोंडाला कशाची चवच राहिली नाही. तुला खाताना बघितलं की बरं वाटतं."

आजारी माणसाला नाही कसं म्हणायचं? एक खाल्ला. "अजून एक, माझ्या वाटचा." तो खाल्ला. तिसरा कुणाच्या वाटचा होता, आठवत नाही. शेजारच्या पलंगावरचे म्हातारे डोळे मिटून कण्हत होते आणि मी चमचा चाटत होते. तिला पाण्याचा घोट मोजून, आणि तिच्यासाठी ज्या देहाची किडनी काढायची तो देह समोर बसून साखर चाटतोय! शिसारी आली.

३ एप्रिल, बुधवार

काटा पुढेच सरकला! मागे नाही, पुढे. डॉक्टर नुसते कागदावर पेन आपटत राहिले.

धाकटीने आज क्रीमची बिस्किटं आणली होती. मी तोंड पाडून बसले तर म्हणाली, "जाऊ दे गं ताई. नाही उतरत तर नाही. मी काय लगेच मरतेय का?" आणि हसली. मनगटाजवळची शीर दोरीसारखी फुगलेली, आतून धडधडत होती. माझ्याने बघवेना. बघवेना म्हणून बिस्किटांकडे बघितलं. बघितलं म्हणून खाल्ली.

५ एप्रिल, शुक्रवार

देवापुढे पुष्कळ वेळ बसले. म्हटलं, तुला मोठा शब्द दिला, तो मला पेलला नाही. रोज मोडते आणि रोज लपवते, हे त्याहून वाईट. आता छोटा देते. रोज दोन बोटं. बसून. ताटलीत. उघड्यावर.

काही उत्तर आलं नाही. पण नाही असंही काही आलं नाही.

६ एप्रिल, शनिवार

ऑफिसवाला तोच केक पुन्हा. यांच्याकडे कुणी ना कुणी निवृत्त होतच असतं! दोन बोटांएवढा तुकडा कापला. खुर्चीवर बसले. पाहुण्यासारखं अवघडल्यासारखं झालं. घरात बसून, आपल्याच ताटलीत, एकटीसाठी काही खायची मला सवयच नाही. हे वर्तमानपत्राआडून बघत होते.

सावकाश चावला. आणि काय सांगू! घाण! तुपाच्या नावाखाली कसलीशी मेणचट चरबी, टाळूला जाऊन बसली. क्रीमला साबणाचा वास. रंगाची कडवट चव मागाहून. हे मी वर्षानुवर्षं उभ्याने, धावतपळत गिळत आले! जिभेला वेळच दिला नव्हता सांगायला.

उरलेला केक कचऱ्यात टाकला. आयुष्यात पहिल्यांदा. यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "तू? टाकलंस?"

"टाकला. आणि पुढच्या वेळी तिकडेच वाटून या. आमच्या घरात नासवायला आणू नका."

तरी रात्री देवाची क्षमा मागितली. अन्न होतं.

१९ एप्रिल, शुक्रवार

काळं चॉकलेट, एक छोटा चौकोनी तुकडा. जरा कडू, जरा गोड, तोंडात हळूहळू विरघळतं. हे चांगलं आहे. महाग आहे, पण एक अख्खी वडी पंधरा दिवस पुरते. यांनी विचारलं, "मला नाही?" दिला एक तुकडा. कचाकचा चावून गिळला! बघवलं नाही. म्हटलं, अहो, दाढेखाली खडे भरडताय का?

८ मे, बुधवार

वजन उतरतंय. काडीने टाळी मागितली. दिली नाही, पण हसले.

इस्पितळात मात्र धाकटीने आज सगळ्यांदेखत तमाशा केला. मी एकच तुकडा घेतला आणि ताटली बाजूला ठेवली तर म्हणाली, "आता माझ्या हातचंही नको का तुला? वजनापुढे बहीण परकी झाली?"

"अगं, तुझ्यासाठीच चाललंय ना!"

"माझ्यासाठी असेल तर खा."

ताटली माझ्या मांडीवर ठेवली. क्रीम लुगड्याला लागलं. आजूबाजूचे बघत होते. मी ताटली उचलून खाली ठेवली आणि डाग पुसत बसले. घरी आल्यावर मेहुण्यांचा फोन. म्हणाले, "काय करू ताई, येताना मला बेकरीत उतरायलाच लावते. म्हटलं ताईंचं पथ्य आहे, तर म्हणते तुम्ही गप्प बसा."

खरं ते लिहिते. मला आज तिचीच किळस आली. पांढऱ्या ओठांवर हसू, डोळे माझ्या तोंडावर खिळलेले, घास गेला की नाही ते बघतात. स्वतःला खाता येत नाही म्हणून माझ्या जिभेने खायला निघाली आहे! सख्ख्या बहिणीबद्दल, आजारी बहिणीबद्दल असं मनात येतं. मी कसली देवभोळी?

२२ मे, बुधवार

आज मोठा डबा. थर लावलेला केक, वर चेरीची रांग. मी दोन बोटं खाल्ली. ती संपूर्ण वेळ भिंतीकडे तोंड करून पडली होती. यंत्राचा घरघराट तेवढा.

१४ जून, शुक्रवार

चपला सैल झाल्या. पायसुद्धा उतरतात हे ठाऊक नव्हतं. हे म्हणाले, "वाटेत हरवू नकोस." मेला विनोद!

३ जुलै, बुधवार

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा बघितला. "साखर उत्तम. वजनही जमलं. बाई, कसं केलंत हो?"

म्हटलं, "बसून खाल्लं."

त्यांना काही कळलं नाही. पुढच्या महिन्यातली तारीख देतो म्हणाले. फक्त धाकटीची संमतीची सही व्हायची आहे.

आज देवापुढे काहीच मागितलं नाही. नुसती बसले.

५ जुलै, शुक्रवार

तिला मीच सांगितलं. वाटलं होतं रडेल, गळ्यात पडेल. तिने मांडीवरचा केकचा डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि म्हणाली, "एवढं खायला घातलं तुला. दर खेपेला. तरी उतरवलंसच!"

मला कळेना. मग ती एका दमात बोलली. "मला नकोय तुझी किडनी. तू त्या टेबलावर आडवी झालीस आणि उठली नाहीस, तर मी कुणाच्या जिवावर जगायचं? तोंडाने नको म्हटलं तर तू ऐकणार नाहीस. म्हटलं, वजनच अडवेल."

काय काय लिहून ठेवलंय मी तिच्याबद्दल इथे!

डबा तिच्या हातातून घेतला. दोन बोटांचा तुकडा कापला आणि तिच्यासमोर खुर्चीवर बसून सावकाश खाल्ला. उरलेला नर्सला दिला. मग सहीसाठी पर्समधून पेन काढून तिच्या उशीजवळ ठेवलं आणि तिचा हात हातात घेतला.

तिने तोंड भिंतीकडे वळवलं. पण माझा हात सोडला नाही.