हळदीचा घोटाळा

औरंगाबाद, भर उन्हाळा

प्रिय पुंडलिकराव यांस हेमचंद्राचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कंबर वाकत नाही).

लासूरला नळाला पाणी येतं का, तुझे गुडघे काय म्हणतात आणि वहिनी तुला अजून घरात घेतात का, तेवढं कळव. माझी तब्येत ठणठणीत. ऐकायला कुणी नसलं की माणूस कण्हणं सोडून देतो. कालिंदी देवाघरी गेली, पोरगा देवेश बंगळुरात. टँकर आला की ड्रायव्हर भोंगा वाजवतो, तेवढीच काय ती मला हाक. फोनवर तू ‘हां, बोल’ म्हणतोस आणि मला काही सुचत नाही, म्हणून हे पत्र.

तर झालं असं. खालच्या मजल्यावरची सोनिया (नवरा-बायको दोघंही वाळूजला कंपनीत) म्हणाली, काका, रविवारी सोसायटीच्या हॉलमधी तुम्ही पोरांना जरा रंगात हात घालू द्या की. तिचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणालो, इतका मी उपाशी होतो माणसांचा! मग तिनं अट सांगितली. कुणी बाजूला बसून नुसतं बघणार नाय, सगळ्यांना जमलं पाहिजे. तिच्या पोरीला, ओवीला, ओलं काही हाताला लागलं की ती किंचाळते, आणि पोरांतला ऋतुराज चाकाच्या खुर्चीत. चेअरमन काकासाहेबांनी वर आपली अट घातली: पाणी एकच बादली, आणि एक जरी तक्रार आली तरी हॉलला कुलूप. मी पाटबंधारे खात्यातला माणूस. पाण्यावाचून योजना आखण्यात उभी हयात गेली, मी कशाला घाबरतो!

टेबलाखाली विटा लावल्या, ऋतुराजची खुर्ची बरोबर आत सरकली. पोरं रंग तोंडात घालतील म्हणून कणकेची खळ शिजवली आणि कालिंदीच्या डब्यातली हळद त्यात ओतली (डबा अजून तिनं ठेवला होता तिथंच आहे). ओवीसाठी खळ पिशवीत भरून तोंड चिकटवलं, म्हणजे वरूनच दाबायची, हात कोरडा. पोरांनी काय राडा घातला म्हणून सांगू! ऋतुराज कोपरापर्यंत पिवळा. ओवीनं पिशवी इतकी दाबली की ती फुटली. सोनियानं डोळेच मिटले. पोरीनं बोट बघितलं, आणि सगळा पंजा माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर मारला. किंचाळली नाय रे, हसली!

इथंच थांबायचं होतं. पण मी शहाणा, बादलीत कपड्याच्या साबणाचा फेस केला आणि पोरांचे हात त्यात बुडवले. बाहेर आले ते लालभडक! एक आई ‘रक्त, रक्त’ करून ओरडली, पोरांनी भोकाड पसरलं, काकासाहेब एका पायात चप्पल घालून धावले, कुणी तर रिक्षाही बोलावली. शेवटी सोनिया म्हणाली, अहो काका, हळदीला साबण लागला की लालच होतं, एवढं माहीत नाय? मला कुठनं माहीत असणार? माझे कपडे मी कधी धुतले? कालिंदी असती तर बादलीपाशीच खेकसली असती. तिची लई आठवण आली रे. भरल्या हॉलमध्ये मला रडू फुटलं. पोरांना वाटलं आजोबालाही लागलं, म्हणून ती आणखीच रडायला लागली.

हॉलला कुलूप लागलं. म्हटलं, जाऊ दे, माझ्या घरी या. पण सोनिया म्हणते, तुम्ही एकटे, एवढी पोरं, जोडीला कुणी मोठं माणूस असलं तर पाठवते. तिचंही बरोबर आहे. तेव्हापासून माझी बेल वाजलेली नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
हेम्या

ता. क. १ : पुढच्या वेळी कोरडा खेळ करावा म्हणतो, पाणीच नको. तुमच्याकडचा कोंडा बरा असतो म्हणे. एक पोतं आणून देशील?

ता. क. २ : कोंडा इथं कोपऱ्यावरच्या गिरणीतही मिळतो. खरं म्हणजे जोडीदार म्हणून मी तुझं नाव सांगून बसलोय. काकासाहेबांना म्हटलं, माझा दोस्त राहायलाच येतोय.

ता. क. ३ : पत्र टाकायला खाली उतरलो तर कळलं, पोरं सुट्टीला आपापल्या गावी गेली. शाळा उघडेपर्यंत इथं कुणी यायचं नाही. तरी तू ये.