दुसरा ढीग

दिग्रस, मंगळवार

प्रिय बबिता,

तू रुसून महागावला आत्याकडे गेलीस, त्याला नऊ दिवस झाले. माझे फोन तू उचलत नव्हतीस; परवापासून मीही करत नाही, त्याचं कारण शेवटी लिहितो. शुक्रवारी तू पुण्याच्या नोकरीवर निघणार, असं तुझी आई सांगते. निघण्याआधी एवढं वाच.

आपल्या शेतकरी कंपनीच्या जिनिंगला कापूस पारखणारं माणूस हवं होतं आणि निवड समितीचा अध्यक्ष मी. वशिल्याविरुद्ध तीस वर्षं भाषणं ठोकली, म्हणून परीक्षा अशी काढली की माझ्या पोरीलाही अर्धा गुण फुकट मिळू नये. तीन तास, एकशेवीस प्रश्न. कापसाचा जागतिक इतिहास, सहकारावर निबंध. प्रत्यक्ष कापूस अगदी शेवटच्या प्रश्नात: अंगणातल्या तीन ढिगांपैकी ओला कोणता? उत्तर मी स्वतः पारखून लिहून ठेवलं होतं: एकही नाही.

तू शेवटापासून सुरुवात केलीस. ढिगात कोपरापर्यंत हात घातलास, आतली सरकी दाताखाली धरलीस आणि चार मिनिटांत लिहिलंस, 'दुसरा ओला आहे. आतून तापेल.' बाकी पेपर कोरा. मी शून्य दिलं आणि वर निःपक्षपातीपणावर वीस मिनिटं बोललो. राजकुमारला ब्याण्णव मिळाले. त्याचा निबंध वाचताना माझे डोळे भरून आले होते.

परवा दुसरा ढीग तापला. नोकरीवर नुकत्याच लागलेल्या राजकुमारने हात घातला आणि तव्याला लागल्यासारखा बाहेर काढला. तुझी आई जिनिंगवर येऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरीले चार मिन्टं लागले, तुमाले तीन घंटे बी पुरले नाही. आता इझवा त्या निबंधानं." मी हटलो नाही. सरकी कट्‌ वाजली तर कापूस कोरडा, नुसती चेपली तर ओला, हे तुला मीच शिकवलं. मी त्याच ढिगातली सरकी चावली. कट्‌. कोरड्या ढिगातली चावली. तीही कट्‌. तिसऱ्यांदा जोर लावला आणि दोन तुकडे हातात आले.

ते सरकीचे नव्हते. दसऱ्याला यवतमाळला जाऊन गुपचूप बसवून घेतलेल्या माझ्या कवळीचे होते. इतके दिवस तीच वाजत होती. ते शून्य माझं आहे, बबिता. कवळी शनिवारपर्यंत दुरुस्त होत नाही आणि दातांशिवाय माझं बोलणं फोनवर कुणाला कळत नाही, म्हणून हे पत्र उकंडाकाकांच्या हाती. राजकुमारने स्वतःहून जागा सोडली आहे. गुरुवारी दहा वाजता नवी परीक्षा: तीन ढीग, एक प्रश्न, चार मिनिटं. समितीतून मी बाहेर पडलो. तू ये. मी फाटकाशी उभा असेन आणि एक शब्दही बोलणार नाही. शनिवारनंतर ही सोय राहणार नाही.

तुझाच,
बाबा