लाल ठिपक्यांची शाळा

हिप्परवाडी, ता. लोहारा
८ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप मल्लिनाथमामा,

पाया पडते. तुमी पाय मागं घेणार ते मला ठाऊक हाय, तरी पडते.

फोन का न्हाय केला म्हणाल, तर तुमच्या कानांशी बोलायचं म्हंजे अख्ख्या तुळजापूरला ऐकवणं. म्हणून कागद. शरणप्पा रोज दुधाची गाडी घेऊन तिकडं येतो, त्याच्या हाती देते. त्याला वाचायची लई खोड, म्हणून डिंक लावून चिकटवलंय.

शाळा पुरी झाली, मामा. पंधरा ऑगस्टचा झेंडा नव्या इमारतीपुढं लागंल. मार्चमध्ये तुमी थापी टाकून उठून गेलात, तवा भिंती गुडघ्याएवढ्या व्हत्या. आता या आन् बघा. पोरं एकदाची त्या पत्र्याच्या शेडातनं सुटली. एप्रिलात आपली आरोही, माझ्या लेकाची, तिसरीतली, पाढे म्हणता म्हणता तिथंच चक्कर येऊन पडली. डोळे पांढरे केले पोरीनं. तवापासनं मला एकच घाई व्हती. नव्या खोल्यांत भर दुपारी गार लागतं, पंखासुदिक नको.

शून्य कार्बन म्हंजे काय ते तुमी ऐकूनच घेतलं न्हाय, म्हणून लिहिते. पुण्याच्या मैथिलीबाई, त्या नकाशावाल्या, त्यांनी मला नीट समजावलं. सिमेंटचं पोतं तयार व्हताना जेवढा धूर निघतो तो मोजायचा. टिपर जेवढं डिझेल पितो त्याचा धूर मोजायचा. मग छपरावरच्या सौर पाट्या जेवढी वीज देतील तेवढा त्यातनं वजा करायचा. शेवटी शून्य यायला पायजे. बाई खऱ्या मनाच्या हायत. म्हणतात, उन्हाळा असाच चढत गेला तर आरोहीच्या पोरांना इथं राहता यायचं न्हाय.

म्हणून दगड भूकंपात पडलेल्या जुन्या गावचा घेतला. बत्तीस वर्सं बाभळीत पडून व्हता, बैलगाडीनं आणला, धुराचं नाव न्हाय. मैथिलीबाईंना त्याचं कोण कौतुक! मलाबी व्हतं. एकदाच हात थांबला. आमच्या घराच्या उंबऱ्याचा दगड निघाला. आई विळा घासायची, त्याची खाच अजून तशीच. तो म्या तिसऱ्या खिडकीखाली लावला. कुणाला सांगितलं न्हाय.

तपासायला आलेली मंडळी लाल ठिपके बघून खूश झाली. हे काय म्हणून विचारलं. म्या सांगितलं, आमच्या मामांची शिकवण. भूकंपानंतर नवं गाव बांधताना जिथं जिथं आरपार धोंडा बसला, म्हंजे आतल्या अंगापासनं भायेरच्या अंगापर्यंत एकच लांब दगड, तिथं दोन्हीकडनं लाल ठिपका द्यायचा. भिंतीचे दोन थर एकमेकांना धरून हायत ह्याची ती खूण. इकडं पोराटोरालासुदिक ठाऊक हाय. लई फोटो काढले त्यांनी. ठिपके सगळे जाग्यावर हायत, मामा.

दारावर पाटी लागणार हाय, मुख्य गवंडी विठाबाई. त्या दिवशी चार माणसांत म्या तुमाला बोलले, की तुमच्या डोक्यातनं भूकंप काही जाईना, आता घरी बसा. ते मनावर घेऊ नका. घेतलंच असंल म्हणा. उद्घाटनाला या. तुमची खुर्ची पुढं ठेवते.

तुमची,
विठा

*

हिप्परवाडी
२७ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप मामा,

पाया पडते. आज गणपती बसले. आरोहीनं मोदकाचं पुरण निम्मं आधीच चाटून संपवलं. तुमच्या लेकीची तब्येत बरी असंल. गुडघ्याला तीळतेल लावत जा, आळस करू नका.

तुमी आला न्हाईत. खुर्चीवर सरपंचाची टोपी ठेवली व्हती.

पण तुमची काठी आली. शरणप्पानं आणून हातात दिली, संगट चिठ्ठी न्हाय, निरोप न्हाय. दीड फुटाची ती बाभळीची काठी. तिच्याएवढा लांब नसला तर तुमी दगडाला आरपार म्हणून हात लावू देत नव्हता. म्या ती मांडीवर घेऊन वट्यावर बसले ती चूल विझेपर्यंत. तुमाला माझ्या पत्रातनंच कळलं, व्हय ना? म्या ठिपक्यांचं लिहिलं, धोंड्यांचं लिहिलं न्हाय.

आधी दुसरं सांगते. सोमवारी दुपारी जमिनीतनं आवाज आला. म्या धुणं वाळत घालत व्हते. वाटलं कुणाचा ट्रॅक्टर उलटला. मग मांडणीवरची ताटं वाजली, थोडीच, कुणी हातानं हलवल्यावाणी. गुंडप्पा सरपंच म्हणाले, खदानीतले सुरुंग असतील. म्हाताऱ्या बाया उठून पोरांना भायेर घेऊन बसल्या. तवापासनं तीनदा झालं. कुत्री घरात यायला बघंनात. ज्यांच्या घरातली माणसं त्र्याण्णवला गेली, ती जेवतानाबी दाराकडं तोंड करून बसायला लागलीत. म्याबी.

काल मारुतीपुढं सभा झाली. आपण बांधलेल्या घरांवर लोकांनी वर खोल्या चढवल्या, त्यांना तडे गेलेत. पाऊस थांबंना, उघड्यावर किती राहणार? मग बिराप्पा गुरव म्हणाला, शाळा हाय की. नवी हाय, लाल ठिपक्याची हाय, पोरं नि म्हातारी तिथंच ठेवू. सगळ्यांना पटलं. सगळी माझ्याकडं बघायला लागली. बिराप्पाच्या म्हातारीनं तर माझा हात धरून कपाळाला लावला. म्हणाली, विठे, तुझ्यामुळं जीवात जीव हाय.

मामा, अकरा.

जुन्या गावात म्या आठ दिवस तेवढ्याच मापाची काठी घेऊन हिंडले, काटे तुडवत. लांब दगड अकराच निघाले. लागत व्हते दोनशेच्या वर. खदानीतनं आणायचे तर टिपरच्या खेपा. सिमेंटचे ओतायचे तर पोती. दोन्हीकडनं धूर, आन् शून्य हुकत व्हतं. मैथिलीबाई म्हणाल्या, "विठाताई, काहीतरी मार्ग काढा, पण काम थांबायला नको." म्या काढला. रंगाचा डबा घरातच व्हता. त्यांनी ठिपके बघितले, त्यांना वाटलं मिळाले धोंडे. म्या व्हय म्हणले.

शेडात पडलेली आरोही डोळ्यापुढं व्हती, हे खरं हाय. पाटीवरचं नाव डोळ्यापुढं व्हतं, हेबी खरं हाय. आन् बत्तीस वर्सं जमीन गप पडलेली, मला वाटलं आता ती गपच राहणार. तुमी मला मातीखालनं काढलंत तवा म्या सतरा वर्सांची व्हते. आईच्या नि धाकट्याच्या अंगावर भिंतीचा आतला थर पडला व्हता, भायेरचा तसाच उभा. तुमीच मला तिथं नेऊन दाखवलंत, म्हणालात, बघ, ह्यांना धरून ठेवायला मधी काही नव्हतं. हे बघितलेल्या बाईनं हे केलं. मला माझीच लाज वाटते, मामा. ठिपका काढताना ब्रश एकदाबी थरथरला न्हाय.

आता काय करू ते लिहा. शिव्या लिहा, पण लिहा.

तुमची,
विठा

*

हिप्परवाडी
९ सप्टेंबर २०२५, मंगळवार, दिवस मावळायच्या आधी

मामा,

आज ख्यालीखुशाली विचारायला वेळ न्हाय. शरणप्पाला दारात थांबवून लिहितेय, दूध नासतंय म्हणून तो हॉर्न मारतोय.

विसर्जन झालं. मिरवणूक काढली न्हाय. त्या साली विसर्जनाच्या पाठोपाठच सगळं झालं व्हतं, रातभर गाव जागंच व्हतं.

मैथिलीबाईंना म्या शुक्रवारी सगळं सांगितलं. तोंडावरचा रंग उडाला त्यांच्या. मग म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी शून्याच्या प्रमाणपत्राची माणसं येतायत, विठाताई. तेवढं होऊ दे. मग भिंत जागोजागी उघडून सिमेंटचे धोंडे घालू, शून्य गेलं तरी चालेल मला. पण तोवर गावात घबराट नको." रडत व्हत्या. म्याबी व्हय म्हणून आले. मला बरंच वाटलं, काय खोटं सांगू. कुणीतरी गप बस म्हणायचीच वाट बघत व्हते म्या.

शनिवारी चुन्याची बादली घेऊन ठिपके पुसायला गेले. सात-आठ पुसले असतील. शाळेत राहायला आलेली बिराप्पाची म्हातारी आतनं बघत व्हती. म्हणाली, काय करतीस गं? म्या म्हणले, रंग उडालाय, परत द्यायचाय. आन् दिला परत. तिच्या देखत. आणखी लाल.

तुमी शरणप्पाजवळ एवढंच विचारलंत, विठाची नात कुठं बसती? चार दिवस म्या त्याचं उत्तर टाळलं. आज दुपारी भाकरी खाताना आरोहीला सहज म्हणून विचारलं. तर तिनं भाकरी खाली ठेवली आन् उभी राहून मला करून दाखवलं. शाळेत सराव करून घेतात म्हणे. जमिनीतनं आवाज आला की रांगेनं पळायचं न्हाय, मैदानात जायचं न्हाय, परतेकानं आपापल्या लाल ठिपक्याला पाठ लावून उभं राहायचं. ठिपका भिंतीला धरतो, भिंत आपल्याला धरती. वर्गातल्या बाईंनी परतेकाला ठिपका वाटून दिलाय. आरोही म्हणाली, "आज्जे, माझा लई भारी हाय. तिसऱ्या खिडकीखालचा. त्याच्या दगडाला खाच हाय, मी तिच्यात बोट घालून उभी राहते."

त्या दगडामागं काही न्हाय, मामा. वीतभर दगड, त्याच्या मागं चिल्लर दगडं नि माती. म्या माझ्या हातानं भरली.

म्हणलं उद्या. उद्या प्रार्थनेला सगळं गाव गोळा करते, पहार घेऊन तोच दगड सगळ्यांपुढं उपसते. आतनं जुन्या गावची माती सांडंल. तिचा वास इथं ज्याला त्याला माहीत हाय, मला तोंड उघडायची गरज पडायची न्हाय. मग पाटी काढू देत, अंगावर थुंकू देत. तुमी उद्या सकाळच्या गाडीनं या, असं लिहायला कागद घेतला व्हता.

वरच्या ओळीपर्यंत आले आन् ताटं वाजली. ह्या वेळी पडली. शरणप्पानं गाडीतनं उडी मारली. म्या आरोही म्हणून हाक मारली. ती अंगणातच व्हती, मोकळ्या अंगणात, डोक्यावर नुसतं आभाळ. आन् मला बघूनबी ती थांबली न्हाय. शाळेकडं पळत सुटली. म्या मागनं ओरडतेय, थांब, आन् ती पळता पळता मला ओरडून सांगतेय, "आज्जे, तूबी चल, ठिपक्याला चल!"

बिराप्पाच्या दारात धरली तिला. हाताला चावली मला. जमीन तोवर गप झाली व्हती.

पोरगी शरणप्पाच्या गाडीत बसवलीय, ह्या कागदाबरोबर तुमच्याकडं पाठवते. कागद वाचायच्या आधी तिला घोटभर पाणी द्या, आन् तुमच्या घरात तिला भिंतीपासनं लांब बसवा.

शाळेत आता चाळीस पोरं नि म्हातारी हायत. आवाज झाला तशी आणखी लोकं तिकडंच पळालीत, हितनं दिसतायत. सगळी आत जातायत, मामा. भिंतीला पाठ लावायला.

उद्यावर ठेवत न्हाय. पहार घेतली. तुमची काठी घेतली. आईचा दगड सगळ्यांपुढं आधी काढते. एवढ्यात जमीन परत हलली न्हाय, तर सगळी भायेर येतील. हलली, तर म्या त्याच भिंतीला असंन.

तुमी बत्तीस वर्सांमागं मातीखालनं काढलेली,
विठा