खुन्याने बंद केलेला गॅस

९ जून

चि. बिट्टी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या दादाने शेवटी सिनेमा घेतलाच. ती जुनी गाजलेली खूनकथा, आपण दोघींनी डोक्याला डोकं लावून वाचलेली. हे त्यातले खुनी. छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टर नको म्हणत होते, पण हा शेवटचाच, असं सांगून ह्यांनी त्यांनाही गुंडाळलं.

आता घरात खुनीच राहतो. माडीवर एकटा जेवतो, माझ्याकडे परक्यासारखा बघतो. भूमिका अंगात असेतो ह्यांचं असंच, जन्मभर मी ते हसण्यावारी नेलं. पण आता दिवस थोडे उरलेत गं. माझा नवरा परत यायचाच राहून गेला तर? बाहेर पडताना उंबऱ्यातून मागे फिरून गॅसचं बटण दोनदा बघायचे, त्यावरून मी किती बोलायची. हल्ली तेही बघत नाहीत.

भाचरांना पापा. आम्हाला विसरू नकोस.
तुझी वहिनी

२ डिसेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादा गेल्यावर तू सिनेमा बघणार नाही म्हणालीस, म्हणून मी एकटीच जाऊन आले. शूटिंगनंतर जेमतेम दोन महिने तो तुझा होता, तेही निम्मे दवाखान्यात. तुझा राग मला कळतो. तरी शेवटचा प्रसंग सांगतेच.

पोलीस खुन्याला बेड्या घालून त्याच्या स्वयंपाकघरातून नेतात. उंबऱ्यात तो थबकतो, मागे फिरतो आणि बेड्यांच्या हातांनी गॅसचं बटण चाचपतो. वाकून, दोनदा. मी हमसून रडले. शेजारच्या बाईंना वाटलं, मला खुन्याचाच पुळका आलाय.

दिग्दर्शकांना फोन केला. हे कथेत नव्हतंच म्हणाले. का केलं विचारल्यावर दादा म्हणाला होता, घरी बायको एकटी आहे. वहिनी, कथेतला खुनी तर सडाफटिंग.

एकदा बघ. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी बिट्टी

११ डिसेंबर

चि. बिट्टी हिस,
अनेक आशीर्वाद.

काल जाऊन आले. पदर पार भिजला. मला वाटायचं, भूमिकेत शिरताना हे मला बाहेर ठेवतात. बरोबर नेत होते गं. तू हट्टाने कळवलं नसतंस तर मी रागातच राहिले असते. तुझे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला फेडायचेही नाहीत.

आता पत्र टाकायला निघते. गॅस बंद आहे, दोनदा बघितला.

लोभ आहेच, तो आता दोघांच्या वाटचा कर.
तुझी वहिनी