कागदावरची निम्मी किंमत

तांजिये, ४ मार्च २००७

ति. थोरल्या बहिणीस, लल्ला बतूल हिस, धाकट्या भावाचा सलाम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि शाळेच्या फोनवरून ओरडायची मला लाज वाटते, म्हणून पत्र. आम्ही घर घेतोय. हसू नकोस. घरमालकाने भाडं दीडपट केलं, परवडत नसेल तर निघा म्हणाला. नवं बंदर व्हायचं ठरल्यापासून इथे सकाळची किंमत संध्याकाळी शिळी होते.

मर्शान मोहल्ल्यात एक धड घर आहे, दोन खोल्या आणि गच्ची. तीन भावंडांचं, सामायिक. दोघे भाऊ आपापले हिस्से विकतायत. बहीण बेल्जियमला असते, उन्हाळ्यात आली की तीही सही करेल, असं दलाल म्हणतो. तोवर थांबलो तर घर हातचं जाईल.

बँकेतल्या पोराने माझी पगाराची चिठ्ठी पाहिली. घर बघायलासुद्धा आला नाही. कर्ज पंचवीस वर्षांचं, व्याज बाजाराप्रमाणे वरखाली. वर गेलं तर काय, म्हणून विचारलं, तर घराची किंमत त्याहून वर जाईल म्हणाला. हिबा सात वर्षांची झाली तरी आमच्या दोघांच्या मध्ये झोपते गं. बुश्राने गच्चीवर पुदिना कुठे लावायचा तेही ठरवून टाकलंय. तुझा सल्ला हवा, आणि खरं सांगतो, थोडी मदतही.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा जव्वाद


सेफ्रू, १५ मार्च २००७

चि. जव्वाद यास बतूलचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचता वाचता रेशमी गुंड्या करत होते, तीन वाकड्या झाल्या. त्या बँकेतल्या पोराला मिसरूड तरी फुटलंय का? पंचवीस वर्षांनी तू म्हातारा होशील, तो कुठल्या कुठे बदली होऊन गेलेला असेल. आणि व्याज म्हणजे हरामाचा पैसा. त्यात सामायिक घर म्हणजे सामायिक भांडण. आधी त्या बहिणीची सही घे, मग पुढचं बोल.

पण तू ऐकणार नाहीस हे मला ठाऊक आहे. लहानपणी विहिरीत वाकू नको म्हटलं की वाकायचास. म्हणून माझा सोन्याचा कमरपट्टा विकून टाकला. माझं लग्न मोडल्यापासून पेटीतच होता, कुणाला मिरवायचा होता? पैसे बसवाल्याबरोबर पाठवत नाही, तू स्वतः येऊन ने.

एक गोष्ट मात्र माझी ऐक. खरेदीखतात पूर्ण किंमत लिहू नकोस. निम्मी कागदावर, निम्मी हातात. अब्बांनी हे घर असंच घेतलं, सगळे असंच घेतात. तू पडलास मास्तर, खरं लिहायची खोड! नोंदणीचा कर भरत बसशील. सरकार काही आपला मामा नाही.

हिबाला पापा. या म्हातारीची आठवण ठेव.
बतूल


तांजिये, २० सप्टेंबर २००७

ति. लल्ला बतूल हिस सलाम. वि. वि.

राहायला आलो. तू सांगितलंस तसंच केलं. निम्मी किंमत खतात लिहिली, तेवढं बँकेने दिलं. उरलेली रोख दोघा भावांच्या हातात मोजून ठेवली, पावती बिवती काही नाही. कमरपट्ट्याने पुरलं नाही, म्हणून त्याच बँकेचं घरसामानाचं कर्ज काढलं, सात वर्षांचं. व्याज एकदा वाढलंय. पण शेजारचं घर आमच्यापेक्षा सवाईने गेलं, त्यामुळे बुश्रा खुशीत आहे.

बेल्जियमची बहीण येऊन गेली. चहा घेतला, गच्ची पाहिली. खतात किंमत काय लिहिलीय, असं सहज विचारलं. मीही सांगितली. सहीचं नंतर बघू म्हणाली. बाई गोड आहे.

काळजी करू नकोस, लोभ ठेव.
जव्वाद


तांजिये, ११ फेब्रुवारी २००८

ति. लल्ला बतूल हिस सलाम.

कोर्टाचा कागद आलाय. त्या बहिणीने हक्कशुफा लावला. सामायिक घरातला हिस्सा परक्याने घेतला, तर वर्षाच्या आत भागीदार तो परत घेऊ शकतो, खतात लिहिलेली किंमत भरून. तिने ती भरलीसुद्धा. निम्म्या किमतीत घर तिचं झालं. बँकेचं मोठं कर्ज त्यातून फिटेल. जे हातात दिलं ते कुठेच नाही.

दोघा भावांकडे गेलो. धाकटा दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "कुठले पैसे, उस्ताद?" वकील म्हणतो, खरी किंमत सांगायची तर आधी सरकारला फसवल्याचं कबूल करा, आणि पुरावा तरी कुठाय?

बुश्रा गच्चीवरचा पुदिना कुंड्यांत काढून ठेवतेय. त्यापेक्षा मला ती भांडलेली बरी.
जव्वाद


सेफ्रू, १९ फेब्रुवारी २००८

जव्वाद, बाळा,

आशीर्वाद द्यायलासुद्धा हात धजत नाही. मी बँकेला शिव्या घातल्या, व्याजाला घातल्या, आणि तुझं घर बुडवलं मी. तू खरं लिहिणार होतास. मी तुला खोटं लिहायला लावलं, वर शहाणपण मिरवलं. चार दिवस गुंडी हातात धरवत नाही. मला शिव्या दे, पण गप्प बसू नकोस. आणि माझ्याकडे या, सगळे या.

बतूल


तांजिये, २२ जून २००८

ति. लल्ला बतूल हिस जव्वादचा सलाम. वि. वि.

तुला शिव्या देण्याचा विचार मनात आला होता, खोटं कशाला बोलू? जन्मात तुझं एकच ऐकलं, तेच असं निघालं. पण किंमत मी लिहिली, सही माझी. बहिणीची सही आधी घे, हेही तूच म्हणाली होतीस.

घर पुढच्या सोमवारी सोडायचं. इथल्या भाड्यांना आता हात लावता येत नाही, आणि सामानाच्या कर्जाचा हप्ता पगार हातात यायच्या आधीच कापला जातो. तो अजून सहा वर्षं कापला जाईल. मी दोन मास्तरांबरोबर एका खोलीत राहीन. बुश्रा आणि हिबा त्याआधीच, गुरुवारच्या बसने तुझ्याकडे येतायत. बुश्राला पहिले काही दिवस काही विचारू नकोस.

हिबाला आत्याकडे सुट्टीला जायचंय असं सांगितलंय. तिचा शाळा सोडल्याचा दाखला बुश्राच्या पिशवीत तळाशी आहे, हिबाच्या नजरेला पडू देऊ नकोस. हिवाळ्याचे कपडे मी मागाहून पाठवतो.

तिला जपशील ना?
तुझा
जव्वाद