वजनकाट्यापलीकडचं ओझं

पुमाकांचा
जुलैचा शेवटचा मंगळवार

प्रिय रेनान,

तुझ्या पर्यटन कंपनीचा माणूस काल तुझा कागद घेऊन येऊन गेला. आपला चढ चढून त्याला एवढी धाप लागली होती की आधी अर्धा तास मी त्याला कोकाच्या पानांचा काढा पाजत बसले, मग कुठे त्याच्या तोंडून शब्द फुटला. बरोबर तांदळाची पिशवी होती, फुलं होती आणि तो कागद. त्यात दोनच गोष्टी लिहिल्या आहेत, तुला पाठ असतील. एक, माझा नवरा कासिमिरो चढावर कोसळला तेव्हा त्याच्या पाठीवर नियमाप्रमाणे वीसच किलो ओझं होतं. दोन, त्याला छातीचा आजार होता आणि तो त्याने सगळ्यांपासून लपवून ठेवला. खाली माझ्या सहीसाठी जागा सोडली आहे. मी सही केली तर तुझा गाइडचा परवाना राहील आणि माझ्या नेलिदाच्या शाळेचं कंपनी बघेल. नाही केली तर चौकशी बसेल, परवाना जाईल, कदाचित तुरुंगही बघावा लागेल तुला. हे सगळं तो फार हळू आवाजात बोलला. सोमवारी कागद न्यायला परत येणार आहे. मी तुला तीनदा फोन लावला, तू उचलला नाहीस, म्हणून लिहायला बसले. तेही बरंच झालं. फोनवर तू बोलत सुटतोस आणि मी नुसती रडते.

इथे यंदाच्या हिवाळ्यात दंव चांगलं गोठतंय. बटाटे रात्रभर उघड्यावर पसरून ठेवले की सकाळी दगडासारखे होतात, ऊन लागून मऊ झाले की पाणी काढायला तुडवायचे. गेल्या वर्षी तू आणि कासिमिरो अनवाणी पायांनी शर्यत लावून तुडवत होतात, आणि सातुर्निना आत्या ओरडत होती, "मेल्यांनो, बटाटे आहेत ते, नाचायचं अंगण नाही!" यंदा मी आणि आत्या दोघीच. नेलिदा दोन बटाटे तुडवते आणि पाय गारठले म्हणून चुलीकडे पळते. बाप कुठे गेला हे तिला नीट कळलेलं आहे, सात वर्षांची झाली ती. पण मामा का येत नाही, हे रोज विचारते.

आई गेली तेव्हा मी चौदाची होते आणि तू पाच वर्षांचा. तू चालायला कंटाळायचास, म्हणून शेतात जाताना मी तुला पाठीशी बांधून न्यायची. बाया हसायच्या, म्हणायच्या, "हिला लग्नाआधीच पोर झालं." पुढे तुला उरुबांबाच्या शाळेत घातलं, मग कुस्कोला. आठ वर्षं मी कंपनीचे तंबू धुतले. पर्यटक झोपून उठून जातात, मागे राहिलेला चिखल, ओकारी, सगळं. हाताला भेगा पडल्या, पण तुझं इंग्रजी सुटू दिलं नाही. हे उपकार म्हणून सांगत नाही रे. तू गाइड झालास त्या दिवशी मी गावभर मिरवले, तेव्हाच सगळं फिटलं. पाहुण्यांना तू सांगतोस ना, इंकांच्या भिंतीतल्या दगडांच्या फटीत सुरीचं पातंसुद्धा जात नाही? मी कासिमिरोला म्हणायची, माझ्या भावाला म्हणावं, आमच्या घराच्या भिंतीतून आख्खा वारा जातो, तेही सांग त्यांना. तो म्हणायचा, "मेहुण्यांना कशाला छळतेस, तेवढंच एक शिकलेलं माणूस आहे आपल्या घरात."

तो अकरा वर्षं त्या वाटेवर हमाल होता आणि त्या वाटेच्या टोकाचं इंकांचं जुनं शहर त्याने एकदाही पाहिलं नाही. हे तुझ्या पाहुण्यांना कधी सांगितलंस का? शेवटच्या सकाळी ते सूर्यद्वाराकडे जातात आणि हमाल तंबू, भांडी, शेगड्या पाठीला मारून दुसऱ्या वाटेने खाली आगगाडीकडे पळतात. रविवारी आपल्या लोकांना फुकट सोडतात म्हणे, पण हंगामात कुठल्या हमालाला रविवार असतो? पाहुण्यांचं ऐकून ऐकून त्याला सगळं तोंडपाठ झालं होतं. कोणी म्हणे, लहानपणापासूनचं स्वप्न होतं. कोणी तर यादीच घेऊन येई, मरण्याआधी बघायच्या जागांची. घरी येऊन तो मला सांगायचा, "आपल्या खापरपणज्यांनी बांधलं, आणि मी अकरा वर्षं त्याच्या दारावरून शेगडी घेऊन परत येतोय. माझी यादी एकाच ओळीची आहे बघ." आणि हसायचा.

म्हणून तू मुख्य गाइड म्हणून पहिला गट नेणार हे सांगायला आलास, त्या दिवशी आमच्या घरात सणच होता. मी दोन गिनीपिग भाजले होते. तू नवं जाकीट घातलं होतंस आणि खाताना त्यावर तेल सांडू नये म्हणून माझं फडकं गळ्यात बांधलं होतंस. तू त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालास, "दाजी, या वेळी तुम्हाला आत नेतो. सूर्यद्वारातून, पाहुण्यांच्या रांगेत. बघू कोण अडवतं!" दुसऱ्या दिवशी त्याने टायरच्या चपला नदीवर नेऊन घासल्या. मी म्हटलं, लग्नाला तरी एवढा नटला होतास का? तर लाजला. त्या आनंदात मीही होते, रेनान. मला वाटलं, माझ्या भावाने माझ्या नवऱ्याला काहीतरी दिलं.

बुधवारी दुपारी तुम्ही त्याला खाली आणलंत. तू पुढे होतास, मागे चार हमाल, आणि कासिमिरो एका लोखंडी घडीच्या खाटेवर, हिरव्या कापडाच्या. शहाणी माणसं अशा वेळी काय बघतात मला ठाऊक नाही, मी ती खाट बघत राहिले. डोंगरावर मेलेला हमाल तंबूच्या कापडात गुंडाळून, काठीला बांधून आणतात, हे मी लहानपणापासून पाहत आले. माझा माणूस तसा आला नाही. मला वाटलं, त्या रानात माझ्या भावाने कुठून तरी खाट पैदा केली, माझ्या माणसाला गोणीसारखं बांधू दिलं नाही. मी रडत रडत सगळ्या बायांना हेच सांगत होते. माझ्या रेनानने त्याला खाटेवरून आणलं, राजासारखं आणलं. तू मान खाली घालून उभा होतास. मला वाटलं, दुःखाने. त्या चार दिवसांत मी तुला किती आशीर्वाद दिले ते आठवलं की आता मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पाचव्या दिवशी तू येशील म्हणून मी वाट पाहिली. त्या दिवशी मेलेल्याचे कपडे धुवायचे असतात, आणि घरच्यांनी धुवायचे नसतात, हे तुला सांगायला नको. आदल्या संध्याकाळी आत्याने रीतीप्रमाणे उंबऱ्याच्या आत राख पसरली. सकाळी ती वाकून, डोळे बारीक करून बघत राहिली. राखेतलं त्याचं पाऊल बाहेर जाणारं होतं, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणाला तो नेणार नव्हता. मला हायसं वाटलं. पण आत्या उठेचना. म्हणाली, "टाच कुठे उमटलीच नाही. नुसते चवडे, आणि तेही खोल. हा अजून चढतोय गं. ओझं उतरवलेलं नाही ह्याने." तू हसशील. तू कुस्कोला शिकलास, राखेत मांजरही चालतं हे तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

नदीवर त्याच्या जोडीचे हमाल धुवायला बसले होते. आम्ही रीतीप्रमाणे लांब, काठावर. तोरिबियोच्या हातात कासिमिरोचा शर्ट होता. त्याने तो पाण्यातून काढला, उलटा केला, पुन्हा पाण्यात घातला, आणि मग तसाच ओला घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "वहिनी, खांद्यावर बघा कसा फाटलाय. वीस किलोनं असा फाटत नसतो." मी म्हटलं, बस आणि सांग. तो बसला नाही, उभ्यानेच सांगितलं. तुझ्या गटात एक म्हातारे गृहस्थ होते, पाठीच्या दुखण्याचे, जमिनीवर झोपू न शकणारे. त्यांच्यासाठी खाट हवी होती. गादीसकट अकरा किलो. त्यासाठी एक हमाल जास्त लागला असता, पण पहिल्याच गटासाठी कंपनीकडे जास्तीचा हमाल मागायची तुला लाज वाटली. नाक्यावर हमालांचं ओझं काट्यावर चढतं, गाइडचं चढत नाही. तू ती खाट स्वतःच्या खांद्यावर घेऊन काट्यावरून पार झालास आणि पहिल्या वळणाआड कासिमिरोच्या पाठीवर दिलीस. काय म्हणालास तेही तोरिबियोने सांगितलं. "दाजी, एवढी घ्या. शेवटी तुम्ही काय हमाल म्हणून चाललाय का? माझ्याबरोबर आत येणार आहात."

म्हणजे तो ज्या खाटेवरून आला, ती त्याने स्वतःच वाहून वर नेलेली होती.

असं सगळेच करतात, हे मी जाणते. काट्याला चुकवलेलं ओझं कासिमिरोने आधीही उचललं होतं आणि मला हसत हसत सांगितलंही होतं. तुला एकट्याला राक्षस ठरवून मला मोकळं होता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण तोरिबियो पुढे बोलतच होता. दुसऱ्या दिवशी, मेलेल्या बाईच्या खिंडीचा चढ सुरू व्हायच्या आधी, कासिमिरो तुझ्याजवळ आला. म्हणाला, "मेहुणे, छातीत कोणीतरी पिळतंय." तू पाहुण्यांना खिंडीला ते नाव का पडलं हे समजावून सांगत होतास. तू वळून म्हणालास, "कोका चघळा दाजी, खिंड ओलांडली की उतारच आहे." आणि पुन्हा पाहुण्यांकडे वळलास. खिंड यायला दीड तास राहिला होता, तेव्हा तो खाली बसला आणि पुन्हा उठला नाही.

नदीवरून घरी आल्यावर मी तुला शिव्या दिल्या. आपल्या भाषेत जेवढ्या आहेत तेवढ्या सगळ्या, आणि स्पॅनिशमधल्या दोन-चार. आपलेच दात आणि आपलेच ओठ, जायचं कुणाकडे? आत्या ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "सही करून टाक. मेलेला काही परत येत नाही, जिवंत भाऊ कशाला घालवतेस? तोच एक उरलाय तुझा." आणि थोड्या वेळाने बटाटे उलथताना तीच म्हणाली, "पण तो चढतोय गं अजून." म्हातारीचं हे असं आहे. काल तो माणूस गेल्यावर मी खरंच पेन हातात घेतलं होतं. नेलिदाची शाळा डोळ्यांपुढे होती, तू तुरुंगाच्या गजाआड दिसत होतास. पहिल्या वाक्यावरून मी पुढे सरकले होते, रेनान. वीस किलोचं खोटं मी पचवलं असतं. तुझ्यासाठी पचवलं असतं. दुसऱ्या वाक्यावर हात थांबला.

हात का थांबला, हे तोरिबियोला माहीत नाही, आत्यालाही नाही. तेवढ्यासाठीच हे पत्र. निघायच्या सकाळी कासिमिरो उंबऱ्यावर बसला होता, छातीवर तळवा दाबून. मी त्याच्यासाठी भाजलेला मका बांधत होते. तो म्हणाला, "लिंदा, आज नको जाऊ का गं? इथे आवळल्यासारखं होतंय." मी वर बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, माझ्या भावाचा पहिला गट आहे, घरचाच माणूस मागे राहिला तर लोक काय म्हणतील? माझं नाक कापू नकोस. तो उठला, मका घेतला आणि गेला. कासिमिरोने आजार लपवला नाही. मला उंबऱ्यावर सांगितला, तुला वाटेवर सांगितला, आणि आपण दोघांनी त्याला पुढे ढकललं. ज्याने सांगितलं त्याच्यावरच लपवल्याचा आळ मी माझ्या सहीने घालणार नाही, मग तुझं काय व्हायचं ते होवो, माझं काय व्हायचं ते होवो. रविवारी गावाची सभा आहे. मी उभी राहून आधी माझं सांगणार आहे, नेलिदा समोर बसलेली असली तरी. हे पत्र तोरिबियो गुरुवारी तुझ्या हातात देईल, म्हणजे तुझ्याकडे तीन दिवस आहेत. माझं सांगून झालं की लोक विचारतील, ओझं किती होतं. तेव्हा तू तिथे असलास तर मी खाली बसेन आणि तुला बोलू देईन. नसलास, तर तेही मीच सांगेन.

तुझीच ताई,
हर्मेलिंदा